तीन खुणा आणि एक गव्हाण : बेथलेहेमचा नाताळ

आईच्या बायबलमध्ये, लूककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात, समासात पेन्सिलीने केलेल्या तीन बारीक खुणा आहेत. देवदूतांच्या गीतापाशी किंवा मरीयेच्या नावापाशी एकही खूण नाही. तिन्ही खुणा ‘गव्हाणी’ या एकाच शब्दाशेजारी आहेत, कारण सातव्या, बाराव्या आणि सोळाव्या अशा तीन वचनांत तो शब्द येतो. पहिली खूण ठसठशीत आहे, दुसरी जराशी तिरपी, आणि तिसरी इतकी थरथरलेली की ती हातून चुकून उमटली असावी असेच प्रथम वाटते. या खुणा तिने कधी केल्या आणि कशासाठी केल्या, हे मला तिने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही, कारण ती असेपर्यंत त्या माझ्या दृष्टीसच पडल्या नव्हत्या.

आईचे आजारपण वाढत गेले तेव्हा मी देवाशी एक करार केला होता. त्याला दुसरा शब्द नाही. ती बरी झाली तर पुढचा नाताळ मी प्रभूच्या जन्मगावी जाऊन साजरा करीन, असे मी बोलून बसले होते आणि रोजच्या प्रार्थनेत त्याची आठवणही करून देत होते. ती बरी झाली नाही. ती गेल्यानंतर कित्येक महिने मी प्रार्थनेला बसत असे, पण बोलत नसे. माझी बाजू पाळायला मी तयार होते, मग समोरून काहीच का आले नाही, हा प्रश्न मनात घट्ट धरून मी गप्प राहत असे. नवस फेडण्याचे कारण उरले नव्हते. तरीही 2019 च्या डिसेंबरमध्ये, तिचे बायबल पाठपिशवीत घालून मी निघाले.

जेरुसलेमपासून बेथलेहेम जेमतेम 10 किलोमीटर दक्षिणेला आहे. जुन्या शहराच्या दमास्कस दरवाजाजवळून निघालेल्या बसने मला तपासणी नाक्यापाशी सोडले आणि तिथून पुढची वाट पायी होती. लोखंडी फिरत्या दारांमधून आणि लांबलचक जाळीबंद मार्गातून बाहेर पडल्यावर समोर इस्राएलने बांधलेली काँक्रीटची सुमारे 8 मीटर उंचीची भिंत उभी राहते. नाताळच्या चित्रांतले, निळ्या रात्री टेकडीवर शांत पहुडलेले गाव डोळ्यांत साठवून आलेल्या माणसाला ती भिंत हलवून टाकते. परंतु नंतर विचार करताना जाणवले, की योसेफ आणि मरीया ज्या बेथलेहेमात आले, तेही साम्राज्याच्या हुकमावरून नावनोंदणीसाठी आलेल्या लोकांचे, दुसऱ्याच्या सत्तेखालचे गाव होते. प्रभूने जन्मासाठी निवांत जागा निवडली नव्हती.

ख्रिस्तजन्म मंदिराचा दर्शनी भाग पाहून प्रथम वाटते, की आपण चुकून मागच्या बाजूला आलो. प्रचंड दगडी भिंतीत सुमारे 1.2 मीटर उंचीचे एकच दार आहे. नीट पाहिले तर त्या भिंतीत तीन काळ एकावर एक दिसतात. सर्वांत वर सहाव्या शतकातील, सम्राट जस्टिनियनच्या वेळच्या भव्य दाराची आडवी तुळई आहे, तिच्या खाली धर्मयुद्धांच्या काळातील टोकदार कमान आहे, आणि सर्वांत खाली हे आजचे खुजे दार. घोडेस्वारांना किंवा गाड्यांना आत शिरता येऊ नये म्हणून ते इतके लहान केले, असे सांगतात. कारण व्यवहाराचे असले तरी लोकांनी त्याला ‘नम्रतेचे द्वार’ असे नाव दिले आहे, आणि कंबरेत वाकल्याशिवाय कोणालाही आत जाता येत नाही. मी वाकले तेव्हा पाठीवरची पिशवी वरच्या दगडाला घासली. मागच्या बाईंनी ती हाताने खाली दाबून धरली आणि मला आत सरकू दिले.

आतले मंदिर उंच आणि काहीसे अंधारे आहे. लालसर दगडाच्या 44 खांबांच्या चार रांगा आहेत आणि जमिनीत मधेच उघडणाऱ्या लाकडी झडपांखाली जुन्या मंदिराची मोझेकची, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या नक्षीची, फरशी दिसते. पहिले मंदिर चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईनने बांधवले. 2013 पासून चाललेल्या दुरुस्तीत भिंतींवरच्या, बाराव्या शतकातील मोझेकांवरची काजळी निघाली होती आणि गिलाव्याखाली दडलेला सातवा देवदूतही सापडला होता. सोनेरी पार्श्वभूमीवरचे हे देवदूत एका पावलाने पुढे सरकत मंदिराखालच्या जन्मगुहेच्या दिशेने निघालेले दिसतात. आमची रांगही तिकडेच निघाली होती, फक्त कितीतरी हळू.

तीन तासांनंतर मी गुहेच्या पायऱ्या उतरले. शुभवर्तमानात गुहेचा उल्लेख नाही. मात्र दुसऱ्या शतकाच्या मध्यास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने बेथलेहेमजवळच्या गुहेतील जन्माविषयी लिहिले आहे, म्हणजे परंपरा फार जुनी आहे. संगमरवराने मढवलेल्या जमिनीत चौदा टोकांचा चांदीचा तारा बसवला आहे, त्याच्यावर 15 दिवे टांगलेले आहेत, आणि ‘येथे कुमारी मरीयेपासून येशू ख्रिस्त जन्मला’ अशा अर्थाचा लॅटिन लेख ताऱ्याभोवती कोरलेला आहे. ताऱ्याच्या मधोमध एक वाटोळे छिद्र आहे. गुडघ्यांवर बसून, वाकून, त्या छिद्रात हात घातला की बोटांना खालचा मूळ खडक लागतो. तो थोडा ओलसर होता. इतक्या दुरून जे विचारायला मी आले होते, ते सगळे प्रश्न त्या क्षणी आठवेनात, आणि आठवायला लागले तोवर पुढे सरकण्याची खूण झाली. अर्ध्या मिनिटात मी दुसऱ्या बाजूच्या पायऱ्यांवर होते. मन रिकामे होते, आणि खरे सांगायचे तर दुखावलेलेही होते. तीन तासांच्या रांगेचे मोल म्हणून काहीतरी मिळेल, असे पुन्हा एकदा मी धरून चालले होते. माझा करार संपलेला नव्हता.

या मंदिराची व्यवस्था ग्रीक ऑर्थोडॉक्स, कॅथलिक आणि आर्मेनियन अशा तीन परंपरांकडे मिळून आहे. कोणता दिवा कोणाचा आणि कोणती पायरी कोणी झाडायची, हे ऑटोमन तुर्कांच्या काळातील व्यवस्थेनुसार ठरलेले आहे. 1847 मध्ये येथील तारा नाहीसा झाला, त्यावरून वाद पेटला आणि 1853 मध्ये नवा तारा बसवला गेला. त्याच वर्षी सुरू झालेल्या क्रिमियाच्या युद्धामागे पवित्र स्थळांवरील हक्कांचा हा तंटाही होता. 2011 च्या डिसेंबरमध्ये तर मंदिर झाडताना दोन परंपरांच्या भिक्षूंमध्ये झाडूंनी हाणामारी झाली. हे वाचले तेव्हा मला लाज वाटली होती. गुहेत जाऊन आल्यावर मात्र ती भांडणे मला परकी वाटली नाहीत. जे फुकट मिळाले आहे त्यावर हक्क सांगणे, त्याची मोजदाद ठेवणे, हेच तर मीही करीत होते.

24 तारखेला दुपारी कॅथलिक धर्मप्रमुखांची मिरवणूक ढोल आणि बॅगपाइप वाजवणाऱ्या बालवीर पथकांसह गव्हाणी चौकात आली. शेजारच्या संत कॅथरीनच्या चर्चमधील मध्यरात्रीच्या मिस्सेसाठी, म्हणजे नाताळच्या उपासनेसाठी, प्रवेशपत्रिका लागते. ती आधी मागून घ्यावी लागते, हे मला उशिरा कळले. म्हणून मी चौकातच, गार वाऱ्यात, पडद्यावर उपासना पाहत उभी राहिले. आत जागा नव्हती, हे मी कडवटपणे मनात म्हटले आणि लगेच आईची पहिली खूण आठवली, कारण ती याच वाक्यात आहे: बाळाला गव्हाणीत ठेवले, कारण उतारशाळेत जागा नव्हती. मूळ ग्रीकमध्ये तिथे ‘कतालुमा’ हा शब्द आहे, ज्याचा अर्थ पाहुण्यांची खोली असाही होतो. लूकने हाच शब्द पुढे आणखी एकदाच वापरला आहे, शेवटच्या भोजनासाठी येशूने शिष्यांकरवी मागवलेल्या खोलीकरिता. ज्याला जन्मताना पाहुण्याची खोली मिळाली नाही, त्यानेच मरणाच्या आदल्या रात्री अशाच खोलीत यजमान होऊन भाकर मोडली आणि ज्यांनी त्याला सोडून पळायचे होते त्यांनाही दिली. हे अभ्यासातून ठाऊक होते. चौकात, बाहेरच्या बाजूला उभी असताना ते प्रथमच मला लागू झाले. माझ्या शेजारच्या एका वयस्क स्थानिक बाईंनी ‘ईद मिलाद मजीद’ अशा अरबीतल्या नाताळच्या शुभेच्छा देत माझा गारठलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि पुढचा बराच वेळ सोडला नाही.

नाताळच्या दिवशी मी बेथलेहेमच्या पूर्वेला, बेत साहूर येथे मेंढपाळांच्या शिवारात गेले. तिथल्या गुहांची छते धुराने काळवंडलेली आहेत आणि वर आंतोनियो बारलुझ्झी या वास्तुविशारदाने तंबूच्या आकाराचे, घुमटातून उजेड झिरपणारे चॅपेल बांधले आहे. तिथे बाकावर बसून मी बारावे वचन वाचले, जिथे दुसरी खूण आहे. देवदूत मेंढपाळांना सांगतो, की तुम्हांला खूण ही, की बाळंत्याने गुंडाळलेले आणि गव्हाणीत ठेवलेले बालक तुम्हांला सापडेल. इतकी वर्षे हे वचन ऐकूनही माझे लक्ष सदैव आकाशाकडे राहिले होते, त्या प्रकाशाकडे आणि देवदूतांच्या समुदायाकडे. मेंढपाळांना दिलेली खूण मात्र आकाशात नव्हती. ती जनावरांचा चारा घालायच्या भांड्यात होती, जी वस्तू त्यांना रोज दिसत होती आणि जिच्यापाशी जायला त्यांना कोणाची परवानगी लागत नव्हती. शिवाय त्या रात्री त्यांनी काही मागितले होते, उपास केला होता किंवा नवस बोलला होता, असे कुठेही लिहिलेले नाही. ते आपले कळप राखत होते. प्रेषित पौलाने इफिस येथील ख्रिस्ती लोकांना लिहिले, की तुमचे तारण कृपेनेच झाले आहे आणि ते तुमच्या हातून नव्हे, तर देवाचे दान आहे. त्या वाक्याचे सगळे सार या काळवंडलेल्या गुहांपाशी आधीच घडून गेले होते.

26 तारखेला पहाटे मी पुन्हा मंदिरात गेले. रांग नव्हती. गुहेत ताऱ्यापासून अवघ्या काही पावलांवर, दोन-तीन पायऱ्या खाली, गव्हाणीची जागा आहे. पहिल्या दिवशी गर्दीत ती माझ्या लक्षातही आली नव्हती. आता ती संगमरवराची आहे. संत जेरोम 386 पासून मरेपर्यंत बेथलेहेममध्ये राहिले आणि बायबलच्या लॅटिन भाषांतराचे बरेचसे काम त्यांनी इथेच केले. त्यांच्या काळी मातीची गव्हाण काढून तिथे चांदीची ठेवली होती, आणि एका प्रवचनात त्यांनी म्हटले आहे, की काढून टाकलेली ती मातीचीच आपल्याला अधिक मोलाची वाटते. काही आठवड्यांपूर्वी, रोममध्ये सातव्या शतकापासून जतन केलेल्या गव्हाणीच्या लाकडाचा अंगठ्याएवढा तुकडा बेथलेहेमला परत आला होता आणि शेजारच्या चर्चमध्ये ठेवला होता. मला मात्र तुकडा पाहण्याची ओढ वाटली नाही. मी पायरीवर बसले.

बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थ ‘भाकरीचे घर’. त्या घरात, खाणे ठेवायच्या जागेत, देवाने आपला पुत्र ठेवला. तिथे बसल्यावर मला आईचे शेवटचे महिने आठवले. जन्मभर ती दुसऱ्याला वाढत आली होती. हात चालेनासे झाले तेव्हा मी तिला चमच्याने भरवू लागले. पहिल्या दिवशी तिने तोंड घट्ट मिटून घेतले आणि भिंतीकडे वळून रडली. ‘तुझ्यासाठी आता मला काहीच करता येत नाही गं,’ एवढेच ती म्हणाली. पुढच्या काही आठवड्यांत तिच्यात काहीतरी बदलत गेले. एके सकाळी मी चमचा उचलण्याआधीच तिने तोंड उघडले आणि माझ्याकडे पाहून हसली. तिच्या हसण्यात संकोच नव्हता आणि परतफेडीची चिंताही नव्हती. मी देवाशी करार करीत होते त्याच दिवसांत, त्याच खोलीत, ती कृपा कशी घ्यायची ते शिकत होती, आणि मी समोर बसून ते पाहिले नव्हते. बाळही असेच घेते. देव स्वतः अशा अवस्थेत आला, जिथे त्याला मरीयेच्या हातून सगळे घ्यावे लागले; देणाऱ्यानेच घेणाऱ्याची जागा घेतली. आई गेली हे दुःख तसेच राहिले. पण माझा तक्रारअर्ज कोणाकडे होता, हे त्या पायरीवर मला दिसेनासे झाले.

मी बायबल उघडले. पेन्सिलीची तिसरी खूण दिव्याच्या उजेडात धरून पाहिली. ती चुकून उमटलेली नव्हती. पेन्सील दोनदा घसरून तिसऱ्यांदा कागदावर टेकली होती, तिन्ही प्रयत्नांचे ठसे एकमेकांशेजारी होते. म्हणजे ती त्याच महिन्यांतली होती. मी सातवे वचन वाचले, मग बारावे, मग मेंढपाळ घाईघाईने जाऊन मरीया, योसेफ आणि गव्हाणीत निजलेले बालक यांना भेटले ते सोळावे, तिन्ही मोठ्याने आणि मराठीत. वर दिव्यांत तेल घालणाऱ्या भिक्षूने हात थांबवला होता. माझे वाचून होईपर्यंत तो तसाच उभा राहिला आणि मग त्याने पुढच्या दिव्यात तेल ओतले.