चिमणी पडली आणि आमची पंचाईत झाली

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, बाहेर पाऊस लागलेला, डोळा लागणार इतक्यात मोबाइल वाजला. घरच्या ग्रुपवर सोलापूरच्या आतेभावाचा फोटो. कुणाला तरी सोडायला होटगी रोडच्या विमानतळावर गेला होता म्हणे, तर जाळीतूनच काढलाय, थोडा तिरका, विमानाची शेपटी कापली गेलीय. खाली लिहिलंय, 'तासाभरात गोवा. आता बोला.'

ते 'आता बोला' आमच्यासाठी होतं, हे ग्रुपवरच्या सगळ्यांना कळलं. पुढचा अर्धा तास कुणीच काही टाकलं नाही. एरवी आमच्या ग्रुपवर साधं गुड मॉर्निंग आलं तरी अकरा फुलं पडतात.

बायकोला फोटो दाखवला तर ती म्हणाली, "हें उडटा?" कारण विमानाला पंखे. तिला पंख्याचं विमान म्हणजे जुनं, सेकंडहँड वगैरे वाटतं. मला उलट तेच आवडतं. जेटच्या इंजिनात आत काय चाललंय ते काय दिसत नाही, विश्वासावर बसायचं, इथे निदान पंखा फिरतोय तोवर आपलं ठीक चाललंय एवढं तरी खिडकीतून कळतं. मागे पुण्याला असल्याच विमानातून गेलो होतो. एटीआर म्हणतात त्याला, सत्तरेक सीटचं, दोन इकडे दोन तिकडे, मधला सीट नावाचा अपमान नाहीच. चढायचं मागच्या दारातून, सामान पुढे पायलटच्या पाठीमागे, आणि पंख वरच्या बाजूला असल्यामुळे खालची नदी, घाट, पत्र्याची छपरं सगळं नीट दिसतं. चढताना मी शेपटीखाली एक दांडा लावलेला बघितला. माणसं आणि सामान चढताना मागचा भाग जड होऊन विमानाने नाक वर करू नये म्हणून तो टेकू देतात. हे कळल्यावर बायकोला सांगायला नको होतं, पण सांगितलं.

हे विमान फ्लाय९१ चं, आपल्या गोव्याचीच कंपनी. ९१ म्हणजे फोनला आपण देशाचा कोड लावतो तो. मार्च २०२४ पासून मोपाहून, म्हणजे गोव्याच्या नव्या विमानतळावरून, उडायला लागली, बेंगळुरू, हैदराबाद, लक्षद्वीपचं अगत्ती, मग जळगाव, पुणे, आणि ९ जून २०२५ ला सोलापूर. तिकिटावर आयसी हा कोड येतो, जुन्या इंडियन एअरलाइन्सचा होता तोच. इतकी वर्षं गोव्याला येणारी विमानं बघितली ती दिल्ली-मुंबईची, बर्म्युडा घातलेल्या लोकांसाठी. गोवेकराची एक बहीण जळगावला दिलेली असू शकते, एखादी आत्या सोलापूरला असू शकते, हे कुणाच्या खिजगणतीतच नव्हतं. आमची होती. म्हणजे आहे. ऐंशीच्या पुढे गेलीय आणि फोनवर अजून आवाज खणखणीत.

तर पंचाईत अशी, की आत्या फोन केला की विचारणार, कधी येतोस. आणि आमचं ठरलेलं उत्तर, अगं विमान झालं की दर दिवाळीला येतो बघ. हे उत्तर मुळात बाबांचं. ते गेल्यावर घराबरोबर मला मिळालं. आणि उत्तर अगदी पक्कं होतं, कारण सोलापूरला विमान होणारच नव्हतं. विमानतळ होता, पण विमानाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची उंच चिमणी उभी. ती पाडा, नका पाडू, उपोषणं, मोर्चे, कोर्ट. सोलापूरकर पोटतिडकीने भांडत होते, कारखान्याचे शेतकरी सभासदही त्यांच्या जागी बरोबरच, आणि इथे फोंड्यात बसून मी पेपरात त्या चिमणीच्या तारखा वाचायचो. पुढची तारीख पडली की बरं वाटायचं. हे कुणाला सांगायचं नाही.

१५ जून २०२३ ला चिमणी पाडली. आतेभावाने व्हिडिओ पाठवला. एवढी मोठी चिमणी, काही सेकंदांत खाली, नुसती धूळ. लोक टाळ्या वाजवत होते, काही जण रडतही होते. मी दोनदा बघितला आणि बायकोला म्हटलं, गेलं.

आत्याकडे जायचं जिवावर येतं असं मात्र नाही हां. लहानपणी तर मे महिना म्हणजे सोलापूर. फोंड्याहून पणजी, मग सावंतवाडी, आंबोली, कोल्हापूरला गाडी बदला, मिरजेला बदला, पंढरपूर आलं की बाबा बसमधूनच हात जोडायचे. आत्याच्या घरी बाकी सगळं मिळायचं, शेंगाचटणी, कडक भाकरी, पण समुद्र नव्हता. म्हणून आई डालड्याच्या डब्यात सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, भरायची आणि झाकणाच्या कडेला भिजवलेली कणीक लिंपायची. वर जुनं लुगडं गुंडाळून सुतळी. पणजीपर्यंत डबा शहाण्यासारखा राहायचा. आंबोली चढायला लागलो, इंजिन तापलं, लोकांनी धुक्यामुळे खिडक्या ओढून घेतल्या की कणकेला बारीक चीर जायची. आधी पुढच्या सीटवरचा मुंडासंवाला मान वळवून बघणार. मग त्याची बायको पदर नाकाला लावणार. मग कंडक्टर दिवा लावून, "काय हाय ओ ह्ये, कुणाचं हाय?" त्या वेळी आई खिडकीबाहेरच्या मिट्ट काळोखात काहीतरी बघण्यात गुंग आणि बाबा पेपर उघडून वाचतायत, पिवळ्या बल्बच्या उजेडात, कालचा पेपर. मला सक्त ताकीद असायची की डब्याकडे बघायचं नाही. त्यामुळे मी डब्याकडेच बघायचो.

सोलापुरात उतरलो की आत्या आधी डब्याचं झाकण काढायची, मग आमच्याकडे वळायची.

तेव्हा एवढे हाल करून गेल्यावर पंधरा दिवस तरी राहायचं, हा नियम होता. कुणी लिहिलेला नाही, पण प्रवास जेवढा लांब तेवढा मुक्काम लांब, हे दोन्ही बाजूंना ठाऊक. एका रात्रीच्या प्रवासाला आठवडा, बदलत बदलत गेलात तर पंधरवडा. म्हापशाहून आलेला पाहुणा चहा घेऊन जातो, आणि मुंबईहून आलेला रात्री राहतो. आता तासाभरात आलेल्या माणसाने किती राहायचं? दोन दिवस राहिलो तर आत्या म्हणणार विमानतळावरून परत जायचं होतंस की. आठ दिवस राहिलो तर आतेभावाची सून मनात म्हणणार, विमान तर आहे ना यांना. बरं, तास सोलापूरचा. मोपा गाठायला मला फोंड्याहून दीड तास, आणि टॅक्सीचं भाडं काय ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. पण ही तक्रार ग्रुपवर टाकली तर कुणी ऐकून घेणार नाही.

आमचे आजोबा म्हणायचे, जवळ आणि लांब हे राजाच्या हातात असतं. त्यांनी पोर्तुगीज काळ बघितला. तेव्हाही गोव्याची एक स्वतःची विमान कंपनी होती, टाइप नावाची, १९५५ मध्ये काढलेली. भारताने सीमा आवळली म्हणून दाबोळीहून दमण, दीव आणि कराचीला विमानं जायची. आजोबांची थोरली बहीण बेळगावला, इथून शंभरेक किलोमीटर, तिथे जायचं तर परवाने आणि झडत्या. कराचीला मात्र थेट विमान. कराचीत आमचं कोणी नव्हतं. डिसेंबर १९६१ मध्ये ती कंपनीही संपली आणि आजोबा बेळगावला गेले, बसने.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, मे महिन्यात गेले. लक्ष्मी-विष्णू गिरणीत होते, घरी येऊन चहा मागितला आणि गेले. दुकानदाराकडे ट्रंककॉल आला, बाबा होते त्या कपड्यांवर निघाले. मिरजेच्या अलीकडे गाडी बंद पडली. दुसऱ्या दिवशी दुपारी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं, सोलापूरच्या मे मध्ये थांबणार तरी किती. आत्याने त्यांना कधी काही म्हटलं नाही. बाबांनी पण त्या प्रवासाबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त त्यानंतर कुणी विचारलं सोलापूर किती लांब, तर ते किलोमीटर सांगायचे नाहीत, तास सांगायचे. आणि 'विमान झालं की येतो' हे त्यानंतरचंच. मी आजवर ते निमित्त समजत होतो.

संध्याकाळी शेवटी आत्याला फोन केला. म्हटलं विमान झालं बघ. ती म्हणाली, "व्हय, बघितलं की, आवाज येतो घरापर्यंत." मग थोडं थांबून, "काय रे, त्यात सुकी सुंगटं नेऊ देतात का?"

म्हटलं विचारून सांगतो. सुकं खोबरं नेऊ देत नाहीत एवढं माहीत आहे, तेलाने पेट घेतं म्हणून, सुंगटांचं काय ते बघायला पाहिजे. तर ती म्हणाली, "देत नसतील तर बसनेच ये."