विकतची माती

गुहागरच्या घरी परसात मी भाजीसाठी उंच वाफा बांधायला घेतला, तेव्हा आईने विहिरीवरूनच विचारले, “का रे, आपली जमीन आजारी आहे का?” मी हसून वेळ मारून नेली, पण न्यू जर्सीतील माझ्या घराची जमीन खरोखरच आजारी आहे, हे मी तिला आजवर सांगितलेले नव्हते.

ते घर 1950 च्या सुमाराचे आहे. अमेरिकेत घरांच्या रंगात शिसे वापरण्यावर 1978 मध्ये बंदी आली. त्याआधीच्या घरांचा सुटलेला, खरवडलेला रंग भिंतीलगतच्या मातीत पडून राहतो आणि शिसे काही कुजून जात नाही. माती तपासून घेतली, तर पालेभाज्या आणि कंदमुळे या जागेत लावू नयेत, असा अहवाल आला. म्हणून मी सीडरच्या फळ्यांची 4 बाय 8 फुटांची, फूटभर उंचीची चौकट ठोकली आणि ती भरण्यासाठी दीड घनफुटाच्या 22 पिशव्या माती विकत आणली.

माती विकत घेतो, हे ऐकून बाबा जे गप्प झाले, ते संध्याकाळच्या चहापर्यंत. मला ते लागले. तेथे कोणालाही त्यात वावगे वाटत नाही. आत काय काय मिसळले आहे ते पिशवीवर छापलेले असते, आणि त्याच मातीतली मेथी मी गेल्या वर्षी ओळखीच्या चार मराठी घरांत वाटली आहे. शिवाय आजोबांनी कातळात सुरुंग लावून खड्डे काढले, बैलगाडीने माती आणून त्यांत हापूसची कलमे लावली, तीही दुसरीकडची माती आणून भरणेच नव्हते का, असे मी बोलूनही दाखवले. बाबा म्हणाले, “ती आपल्याच मळ्यातली होती.” यावर मला उत्तर सुचले नाही. दर वर्षी माझी माती चार बोटे खाली बसते आणि पुन्हा पिशव्या आणाव्या लागतात, हे मग मी सांगितलेच नाही.

वाफा मात्र झाला. सुताराकडे फळ्या सांगायला निघालो होतो, तर वाळवी त्यांना दुसरा पावसाळा बघू देणार नाही, असे म्हणून बाबांनी थांबवले. मग पडक्या गडग्याचे चिरे सिमेंटाशिवाय नुसते रचले, म्हणजे सांध्यांतून पाणी निथळते; रुंदी चार फूट ठेवली, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोहोचतो आणि माती तुडवावी लागत नाही. तळाशी नारळाची सोडणे घालावीत, असे मी एका व्हिडिओत पाहिले होते. आईने ती एकेक करून बाहेर काढायला लावली. सोडण ओल धरते, म्हणून ते उन्हाळ्यासाठी नारळाच्या आळ्यात पुरायचे. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तेथे भेंडीच्या मुळाशी ते कशाला? तेव्हा सुका पाला, कुजलेले शेणखत, चाळलेली तांबडी माती आणि वरून चुलीतली राख, एवढ्यावर वाफा भरला. तवशाच्या, म्हणजे पावसाळी काकडीच्या, बिया मात्र आईने त्यात टोचल्या नाहीत. शेजारीच कुदळीने ओढलेल्या मातीच्या उंचवट्यावर टोचल्या, जशा ती दर पावसाळ्यात टोचते.

तेथे ससे आणि हरणे, येथे वानरे. सशाला तारेची जाळी अडवते, वानराला कुंपण म्हणजे बसायची जागा. ओळखीच्या एका खारव्याने जुने नायलॉनचे जाळे दिले, ते बांबूच्या कमानींवर ताणून कडांवर चिरे ठेवले. पहिल्याच सकाळी एक थोराड वानर आला, त्याने जाळे चाचपले, बोटे अडकताच हात झटकला आणि शेजाऱ्यांच्या पपईकडे वळला. शेजाऱ्यांना हे अजून सांगितलेले नाही.

जाळ्याचा उरलेला तुकडा मला न्यू जर्सीला न्यायचा आहे. माती तर नेऊ देत नाहीत. त्याला सुकटीचा वास येतो म्हणून आईने तो दोनदा धुऊन पडवीत वाळत घातला आहे. पण परवा मृग लागला, पाऊस थांबायचे नाव घेत नाही, आणि माझे विमान शुक्रवारी आहे.