सुमीची शाल

डिसेंबरातला शेवटचा रविवार. रात्रीचे साडेदहा.

पोटऱ्या दगडासारख्या झाल्या आहेत. यांनी दोनदा विचारलं, कसं झालं? छान झालं म्हणून सांगितलं, आणि ते खोटं नाही. नरनाळा किल्ला चढून आले. गाडीरस्त्यानं नाही, शहानूरवरून जुन्या वाटेनं, एकेक दरवाजा ओलांडत. तरी झोप नाही. समोर खुंटीला सुमीची शाल आहे आणि नजर गेली की तेच मनात येतं.

मला विचारलं का नाही?

सकाळी अकोटहून निघालो तेव्हा चार बाटल्या माझ्या बॅगेत होत्या, लिटर-लिटरच्या. पाणी माझ्याकडं, हे आमच्यात ठरवावं लागत नाही. डी.एड.ला असताना सालबर्डीला गेलो तेव्हाही मीच, मुक्तागिरीलाही मीच. सुमी, छाया, वंदी, या तिघी मैत्रिणी वरच्या अंगाच्या, गोड्या पाण्याच्या गावांतल्या. मी खारपाणपट्ट्यातली. आमच्या विहिरीचं पाणी तोंडात घेतलं की थुंकून टाकावंसं वाटायचं. पूर्णेच्या दोन्ही काठांना हे असंच, जमिनीखाली पाणी आहे पण पिता येत नाही, शेताला दिलं तर शेतही बसतं. वान धरणावरून ८४ खेड्यांची योजना आली, नळ आला, पण तोवर माझी मान तयार झालेली होती. चौथीत असल्यापासून डोक्यावर पाण्याचा गुंड. पाणी वाहून आणणं हे एक काम मला कोणी शिकवलेलं नाही आणि कोणी माझ्या हातून काढूनही घेतलेलं नाही. आजपर्यंत.

शहानूर दरवाजाशी पहिल्यांदा टेकलो. ऊन चढायला लागलं होतं. गेटवरून सोबत घेतलेला गाईड पोरगा म्हणाला, ताई, इकडून या, दगडातली जनावरं दाखवतो. मी त्याच्या मागं गेले. आले तेव्हा बॅग दगडावर तशीच फुगलेली, चेन लावलेली. सुमी म्हणाली, "माह्या बॅगमधी जागाच नाही वं. शाल तुह्या बॅगमधी टाकली. चालते नं?"

चालते म्हणाले. चांगलंच वाटलं. कोणीतरी आपलं ओझं माझ्याकडं दिलं. मागच्या वर्षानंतर मला कोणी काही उचलायला देत नाही. शाळेत वह्यांचा गठ्ठासुद्धा पोरं हातातून घेतात. आणि बॅग खांद्याला लागत नव्हती. मला वाटलं चढ अंगात आला, तालमीत असतं तसं. मेहंदी दरवाजापर्यंत सागाचा पाचोळा तुडवत मी सगळ्यांच्या पुढं होते. म्हटलं, पाहा, मला दम लागत नाही. छाया म्हणाली, "तू तं आमालेच मागं टाकतंस." वंदी हसली. ते हसणं आत्ता पुन्हा ऐकते आहे.

तेच लागलं आहे मला. बाटल्या काढल्या ते नाही. मी बोलत राहिले आणि त्या हो म्हणत राहिल्या, ते.

महाकाली दरवाजा पाहिला तेव्हा मात्र हे काही माहीत नव्हतं. तो आनंद पुरा होता, तो तसाच राहू दे. मान वर करून कोरलेली अक्षरं पाहिली, दोन्ही बाजूंचे सज्जे पाहिले. १४८७ मधला. फतहुल्ला इमाद-उल-मुल्कनं बांधून घेतला, आणि पुढं तीनच वर्षांत, १४९० ला, बहमनी राज्यापासून वेगळा होऊन त्यानं वऱ्हाडची इमादशाही उभी केली. सातवीच्या फळ्यावर किती वर्षं मी 'वऱ्हाडची इमादशाही' एवढे दोन शब्द लिहिते आणि पुढच्या ओळीवर जाते. आज त्या दोन शब्दांच्या सावलीत बसले. दगडावर एवढी बारीक जाळी, एवढी कमळं! पुढच्या वर्षी पोरांना आणायचं. हेडसरांशी बोलायला हवं.



वर राणीमहाल पाहिला, नऊगजी तोफ पाहिली, तेला-तुपाच्या टाक्या वाकून पाहिल्या. शक्कर तलावाच्या काठाशी शाल अंथरून बसलो. छायानं भरीत काढलं, घरच्या काट्याकुट्यांवर भाजलेलं, त्यावर कांद्याची पात. भाकरी. तिखटाचा पहिला घास आणि वंदी म्हणाली, पाणी दे वं. मी बॅगेत हात घातला. एकच बाटली, तीही अर्धी. पुन्हा चाचपलं. तोवर सुमीनं तिच्या बॅगेतून दोन काढून मधे ठेवल्या, छायानं एक. कोणी काही बोललं नाही. छाया लगेच कापसाच्या भावाचं काढून बसली. पाच मिनिटं एकटीच बोलत होती.

भरीत गिळवेना. पाण्यावर दोन माकडांची सावली हलत होती, तिच्याकडं पाहत बसले.

उतरताना मी मागं राहिले. मेहंदी दरवाजाशी सुमी थांबली होती.

"रागावली काय वं?"

"नाही."

"रागावलीच हायेस."

"विचारायचं तरी."

ती चपलेनं पाचोळा सारत राहिली. मग खालीच पाहत म्हणाली, "तुनं कुठं सांगतलं होतं आमाले? तुह्या ऑपरेशनचं आमी दुसऱ्याच्या तोंडून आयकलं."

त्यावर मला बोलता आलं नाही. खाली गेटपर्यंत दोघींच्या पायांचा तेवढा आवाज.

तेव्हा का सांगितलं नाही ते मलाही नीट सांगता येत नाही. वाटलं होतं, बरं होऊन सांगू. मग बरं होणं लांबलं. मग... जाऊ दे.

आता शांतपणे आठवून पाहते. शहानूर दरवाजाच्या आधीच मला एकदा अंधारी आली होती. कोणाला कळलं नाही असं मी धरून चालले. सुमीला कळलं असणार, ती माझ्या मागंच होती. तिनं तिथं विचारलं असतं तर मी बाटली सोडली नसती. पट्टा धरून बसले असते, भांडले असते, आणि बहुतेक मेहंदी दरवाजावरूनच परतले असते. महाकाली दरवाजा फोटोतच पाहिला असता. हे तिला माझ्याआधी माहीत होतं. आणि शाल ठेवायला जागा नाही म्हणणाऱ्या त्याच बॅगेत तीन तासांनी दोन बाटल्या निघाल्या, तेव्हा तिचा चेहरा माझ्याहून जास्त पडला होता. ते मी तेव्हा पाहिलं नाही. आत्ता दिसतं आहे.

तरी विचारायला हवं होतं. हेही मी सोडत नाही.

आत्ता उठून शाल खाली घेतली. कुसळं भरली आहेत काठाकाठानं. उद्या धुऊन बुधवारी केंद्रावर भेटेल तेव्हा द्यायची, पण ही काढल्याशिवाय धुता येणार नाही. दिव्याखाली घेऊन बसले आहे, एकेक काढते. महाशिवरात्रीला सालबर्डी म्हणताहेत. सकाळी सुमीला फोन करून सांगते, दोन बाटल्या माझ्याकडं, बाकीच्या तुम्ही घ्या. आणि परवाच्या तपासणीची तारीखही सांगते.

अर्धा काठ झाला. अर्धा राहिला.