खिशातलं अस्वल

परवा दुपारी दुकानाबाहेर ट्रॉली सोडवायला पर्स उघडली, तर नुसती अस्वलंच निघाली. इथे कॅनडात ट्रॉली सुटायला पाव डॉलरचं नाणं लागतं, म्हणजे त्यावरचं कॅरिबू हरीण. फार तर एक डॉलर, म्हणजे लून पक्षी. माझ्याकडे होत्या तीन टूनी. या दोन डॉलरच्या नाण्यावर बर्फाच्या तुकड्यावर उभं असलेलं पांढरं अस्वल असतं. पर्सच्या तळाशी एक निकेल सापडलं, पाच सेंटचं, म्हणजे बीव्हर. बीव्हरला तर हल्ली कुणी विचारत नाही. शेवटी टोपली उचलली आणि हाताला झेपतील तेवढेच बटाटे आणले.

कॅनडाचं वन्यजीवन मी असं रोज हाताळते. खरं पांढरं अस्वल मात्र एकदाच बघितलंय, तेही स्कारबरोतल्या आमच्या घराजवळच्या टोरांटो झूमध्ये, तिकीट काढून. मुलगा तेव्हा चार वर्षांचा होता. अस्वल झोपलं होतं.

पण हे देवरुखच्या मावशीला सांगून पटेल तर शपथ. फोन केला की पहिला प्रश्न तब्येतीचा आणि दुसरा, "अस्वल येत नाही ना गो दाराशी?" सुरुवातीला मी फार चिडायची. चुकीची माहिती दुरुस्त करायची मला खोडच आहे, नवरा म्हणतो मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा नकाशा काढीन. मग मी तिला फोनवर भूगोल शिकवायची. टोरांटो साधारण त्रेचाळीस अक्षांशावर, लंडन एक्कावन्नवर, म्हणजे लंडन आमच्याहून कितीतरी वर. शेजारच्या परांजप्यांचा मुलगा लंडनला आहे, त्याला विचारतेस का कधी अस्वलाचं? "त्याच्याकडे राणी होती," मावशी म्हणायची. या युक्तिवादापुढे अक्षांश टिकत नाहीत.

पांढरी अस्वलं बघायची तर मॅनिटोबातल्या चर्चिलला जावं लागतं, हडसन उपसागराच्या काठावर. तिथे रस्ताच नाही, आगगाडीने जा नाहीतर विमानाने. ऑक्टोबर-नोव्हेंबरात उपसागर गोठायची वाट बघत अस्वलं गावाजवळ घुटमळतात. लोक मोटारींच्या दरवाज्यांना कुलूप लावत नाहीत, अंगावर अस्वल आलंच तर कुणालाही कुठल्याही गाडीत शिरता यावं म्हणून. फार त्रास देणाऱ्या अस्वलासाठी चक्क कोठडी आहे. तिथे त्याला पाणी देतात, खायला देत नाहीत, नाहीतर चटावेल. मग पुढे हेलिकॉप्टरला टांगून लांब नेऊन सोडतात. हे सगळं मी मावशीला रंगवून सांगितलं, आपल्याकडे असलं काही नाही हे ठसवायला. झालं उलटंच. तिच्या डोक्यात कोठडी आणि हेलिकॉप्टर पक्कं बसलं आणि चर्चिल गळालं. पुढच्या फोनला, "तुमच्याकडल्या अस्वलाला उपाशी ठेवतात म्हणे. बिचारं."

तर अशी मावशी शेवटी एका जुलैत आली. बॅगेत दोन थर्मल, लोकरीचे मोजे, काकांची माकडटोपी आणि कोकम आगळाच्या तीन बाटल्या. विमानतळाबाहेर तेहतीस डिग्री. गाडीत रेडिओवाला सांगत होता, दमटपणा धरून चाळीस वाटेल. या 'वाटेल'चं खास गणित कॅनडात १९६५ पासून आहे, ह्युमिडेक्स नावाचं. बर्फाच्या देशाला उकाडा मोजायचं वेगळं माप लागावं हे मला अजूनही गमतीचं वाटतं. मावशीला नाही वाटलं. पदराने वारा घेत म्हणाली, "हे तर आमचं मे महिन्यातलं चिपळूण." माकडटोपी तिने एकदाच घातली, वाणसामानाच्या दुकानात, एसीमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्रीज उघडून ती बराच वेळ गप्प उभी राहिली. आतमध्ये दूध होतं. पिशवीत. ऑन्टारियोत दूध सर्रास असं मिळतं, चार लिटरच्या मोठ्या पिशवीत तीन छोट्या पिशव्या. अमेरिकेतून येणारा पाहुणा हे बघून मोबाइल काढतो. मावशीचा मात्र चेहरा उतरला. एवढा समुद्र ओलांडून आलं आणि पिशवीचंच दूध! मग तिने रिकामी पिशवी कापून, धुऊन, नळाच्या तोटीवर वाळत घातली. ते बघून आमच्या शेजारणीला, वय वर्षं ऐंशी, जन्म याच गावातला, भरून आलं. तीही धुते. वरच्या मोठ्या पिशव्या कापून, विणून चटया करणाऱ्या बायकांच्या गटात ती आहे. भाषा एक नसताना दोघींचं जे जमलं ते केवळ पिशव्यांवर.

बसमध्ये मावशीचा धक्का एका माणसाला लागला तर तोच तिला सॉरी म्हणाला. ही एक समजूत मात्र शंभर टक्के खरी निघाली. इतकी, की सॉरी म्हणणं म्हणजे चुकीची कबुली धरू नये असा २००९ सालचा कायदाच आहे ऑन्टारियोत.

पण प्राणी? दहा दिवस झाले तरी प्राणी नाही. खारी दिसल्या, काळ्या कुळकुळीत. मावशीने पाठीवर रामाची बोटं शोधली, नव्हती. बागेत कॅनडा गीझ होते, माणसावर फिस्कारणारे आणि सगळं गवत घाण करून ठेवणारे. "बदकं," तिने निकाल दिला. मला आता अपराधी वाटायला लागलं. घरी आलेल्या पाहुण्याला श्रीखंड वाढायचं राहून जावं तसं. ज्या मी वीस वर्षं अस्वलं नाहीत म्हणून भांडले, तीच मी शनिवारी पहाटे उठून तिला अल्गोनक्विन पार्कला घेऊन निघाले. मूस दाखवायला, म्हणजे इथलं थोराड हरीण. तीन-साडेतीन तास गाडी हाकली. तिथे हायवे साठवर मूस रस्त्याकडेला येतात, पण ते मे-जूनमध्ये, हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेल्या मिठाचं पाणी चरात साठतं ते चाटायला. जुलैच्या शेवटी चरात मीठ नव्हतं आणि मूसही नव्हता. डास होते. "एवढे डास तर देवरुखात भर पावसातही नसतात गो."

दोन गोष्टी मिळाल्या. एक, मूसच्या चित्राची पिवळी पाटी, तिच्याशेजारी उभं राहून मावशीने फोटो काढून घेतला. दुसरी, टेबलावर डबा उघडला तेव्हा आलेली चिपमंक. खारीएवढीही नाही, पण पाठीवर पट्टे! मावशीने वाकून पाच काळे पट्टे मोजले आणि म्हणाली, "इकडे रामाने पूर्ण पंजा फिरवलेला दिसतोय." थालीपिठाचा तुकडा तिला द्यायचा नाही, असा इथला नियम आहे, हे मी सांगेपर्यंत चिपमंक तो घेऊन गेली होती.

त्याच रात्री मागच्या अंगणात धाडकन आवाज झाला. बघते तर मावशी आधीच दारात, हातात माझं लाटणं. ओल्या कचऱ्याच्या हिरव्या डब्यावर रॅकून बसला होता, डोळ्यांभोवती काळा पट्टा, शेपटीवर कडी, पुढचे दोन्ही हात झाकणाच्या मुठीवर. हे डबे महापालिकेने २०१६ मध्ये रॅकूनला उघडू नयेत म्हणूनच नव्याने वाटले, फिरवायच्या कुलपाचे. त्यातल्या काही महाभागांनी डबा आडवा पाडून मूठ फिरवायची विद्या शिकून घेतली. मी आतून दार ओढून घ्यायला लागले. मावशीने एक नजर टाकली, "कसलं घाबरतेस? कांडेचोर आहे," आणि लाटणं डब्यावर आपटून "हाड्!" केलं. कांडेचोर म्हणजे आपल्याकडलं उदमांजर. रॅकूनला मराठी कळलं.

आत आल्यावर मी तिला सांगितलं, २०१५ साली यंग स्ट्रीटवर एक रॅकून मेला. तो उचलायला पालिकेने दिवस घालवला, तर लोकांनी त्याच्याभोवती फुलं, मेणबत्त्या आणि फ्रेममध्ये घालून फोटो ठेवला. मावशी ऐकत होती. मग म्हणाली, "आपला मोत्या आठवतो तुला?"

मोत्या मला आठवत नाही असं कसं होईल? मी दुसरीत होते, मे महिन्याच्या सुट्टीत देवरुखला. रात्री पडवीत आम्ही सगळी पोरं ओळीने झोपलेली, मोत्या पायरीवर. सकाळी उठले तर पायरी रिकामी. काका चहा बशीत ओतत होते, आणि वर न बघता म्हणाले, "रात्री वाघाने नेलंन मोत्याला." तिकडे बिबट्याला वाघच म्हणतात. मावशीने "हो का" म्हटलं आणि आम्हाला मऊभात वाढला. त्यात मेतकूट घातलं. नंतर दुपारी ती मागीलदारी बसून मोत्याची जर्मनची थाळी घासत होती, खूप वेळ, ती घासायची आता काही गरज नव्हती. पुढच्या वर्षी त्याच थाळीत दुसरा मोत्या जेवत होता. वानर कौलं फोडायचे, गवे शेतात उतरायचे, कुणाच्या विहिरीत बिबट्या पडला की वनखात्याची माणसं पिंजरा सोडायची आणि अख्खी वाडी काठावर. याला वन्यजीवन म्हणतात हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हतं.

नोकरीच्या पहिल्या वर्षी इथल्या एका सहकाऱ्याने मला विचारलं होतं, तुमच्याकडे घरापर्यंत वाघ येतात का? मी दुखावले. वीस मिनिटं त्याला मुंबईच्या लोकलबद्दल आणि पुण्याच्या आयटीबद्दल सुनावलं. तो बिचारा तीनदा सॉरी म्हणाला.

मावशी परत गेली. जाताना टूनी मागून घेतली, दोन. आठवड्याने व्हिडिओ कॉल केला तर ओटीवर आठ-दहा जणी जमलेल्या, नाणं हातोहात फिरत होतं, पिवळ्या पाटीचाही फोटो फिरत होता. मावशी सांगत होती, "रात्रीचे दोन वाजलेले, अंगणात हे एवढं अस्वलाचं पिल्लू. ही आपली थरथरत्ये. मी घेतलं लाटणं…"

मी तोंड उघडलं. माझी खोड तुम्हाला सांगितलीच. तेवढ्यात मावशीने फोन घेऊन आतल्या खोलीत जाऊन हळूच म्हटलं, "गप्प राहा हो. एवढी लाखभराची तिकिटं काढून कांडेचोर बघून आले म्हणून सांगू?"

ती परत ओटीवर आली. परांजपेकाकूंनी कॅमेऱ्यात डोकं घातलं. "पिल्लू म्हणजे केवढं होतं गो साधारण?"

मी दोन्ही हात पसरले. ते काही त्या स्क्रीनमध्ये मावेनात.