शेरडंही तेच विचारतात

मंगळवार, रात्री

डब्याच्या वेळी आज मावशीचा विषय निघाला. मी नेहमीचंच रडगाणं गात होते, की मावशी सकाळी उठून आधी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे जाते, त्यांचं तोंड धुण्यापासून सगळं करते आणि मग आमच्या घरात चहा होतो. समोरच्या टेबलावरचे सर लोणच्याची फोड उचलत म्हणाले, "म्हणजे मावशींची स्वर्गातली जागा पक्की! तुमचं ख्रिश्चनांचं बरं असतं. चांगलं केलं की वर, नाही केलं की खाली." सगळे हसले, मीही हसले. सर मनाने वाईट नाहीत. पण पुढे ते जे बोलले ते घरी येईपर्यंत डोक्यातून गेलं नाही. "भीतीपोटी नाहीतर आमिषापोटी केलेलं चांगलं, ते चांगलं कसलं? तो व्यवहार झाला."

इतकी वर्षं अकाउंट्समध्ये काढलेल्या बाईला व्यवहाराचा राग यायला नको. आला.

मी म्हटलं, अहो, आम्ही प्रोटेस्टंट. आमच्याकडे तर लहानपणापासून उलटंच घोकून घेतात, की सत्कृत्यांनी तारण, म्हणजे पापातून सुटका, मिळत नाही, ते देवाच्या कृपेने मिळतं. आमच्या पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन लूथरचं १५१७ चं सगळं भांडण त्यावरूनच पेटलं. पैसे भरून पापाची शिक्षा माफ करून घेण्याचा जो धंदा चालला होता त्यावरून. सर म्हणाले, "मग तर आणखी सोपं. काहीही करा, कृपा आहेच!" आता ही शंका बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात, सहाव्या अध्यायात स्वतःच काढली आहे: कृपा वाढावी म्हणून आपण पापात राहावं काय? आणि 'कधीच नाही' म्हणून झटकलीही आहे. ते सांगितलं तर सर खूश. "बघा, म्हणजे तुमच्याच माणसाला आधी सुचलं होतं."

मग त्यांनी निष्काम कर्म काढलं. त्यावर आमच्या बिलिंगवाल्या बाई म्हणाल्या, "सांगितलंय हो गीतेत, पण श्रावणी सोमवारी कोपिनेश्वराच्या रांगेत उभं राहून विचारा, कोण कोण निष्काम आहे ते." वाद तिथेच संपला. वागळे इस्टेटहून येताना बसमध्ये उभ्याउभ्या माझा मात्र पुन्हा सुरू झाला.

बुधवार

आज सुट्टी टाकली होती, म्हणून मावशीबरोबर वर गेले. पेजेचं भांडं आणि गरम पाण्याची बादली एकदम नेणं तिला आता जमत नाही.

काकूंच्या पायाच्या अंगठ्याचं नख जाड, पिवळं झालंय आणि वाकडं वाढून शेजारच्या बोटात रुततंय. नेलकटरच्या तोंडात ते मावतच नाही. मावशीने पाय कोमट पाण्यात बराच वेळ ठेवले, मग टॉवेल मांडीवर घेऊन त्यावर एक पाय घेतला, चष्मा नाकावर खाली ओढला आणि कडेने एकेक कपचा काढायला लागली. मध्येच काकू ओरडल्या, "जिवंत नख उपटतेस काय गं?" मावशी म्हणाली, "हलू नका. गप पडा." नंतर पेजेत मीठ जास्त झालंय म्हणून काकूंनी अर्धी वाटी परत केली. जिना उतरताना मावशी पुटपुटत होती, "कटकटी बाई. सून बिचारी कशी काढते दिवस."

मी विचारलंच. सरांना उद्या तोंडावर मारायला काहीतरी भारी वाक्य मिळेल अशी आशा होती, खोटं कशाला बोला. म्हटलं, मावशी, हे करतेस तेव्हा प्रभू बघतोय असं मनात येतं का गं? ती म्हणाली, "येतं की. बघतोच तो. देईल काहीतरी, न द्यायला काय झालं?" आणि दोन पायऱ्या उतरल्यावर, "नाही गेले तर विचारेल ना मला, शेजारी होतीस तर काय करत होतीस म्हणून."

घ्या. आमिष पण आहे आणि भीती पण आहे. सर जिंकले.

पण मी तिचे डोळे बघितले होते. नखावर कात्री लागत होती तेव्हा त्या डोळ्यांत ना स्वर्ग होता ना नरक, फक्त नख होतं. बाराव्या शतकातल्या क्लेअरवोच्या बर्नार्ड या मठाधिपतीने माणसं तीन प्रकारची सांगितली आहेत: भीतीने देवाचं ऐकणारा गुलाम, मोबदल्यासाठी ऐकणारा मजूर आणि प्रेमाने ऐकणारा मुलगा. बर्नार्डचं वर्गीकरण सुबक आहे, मला पटत नाही. मी तर गुलाम, मजूर आणि मुलगी तिघांना एकाच जोडी चपलांत आमचा जिना चढताना बघितलंय.

नगरची आठवण झाली. मे महिन्यात आजोळी गेलो की मैदानावर उज्जीवन सभा, म्हणजे श्रद्धा जागवायची मोठी धर्मसभा, असायची. कर्ण्यावरून सुवार्तिक, म्हणजे धर्मप्रचारक, ओरडायचे, "आज रात्री मेलास तर कुठे जाशील?" एका सभेनंतर माझा मामेभाऊ रात्रभर झोपला नाही आणि उजाडताच जाऊन वाण्याने चुकून जास्त दिलेले पैसे परत करून आला. वाण्याला पैसे मिळाले. ते नरकाच्या भीतीने आले की प्रेमाने, त्याला काय फरक पडतो? जर्मन तत्त्वज्ञ कांटला पडला असता. १७८५ च्या पुस्तकात त्याने दुकानदाराचंच उदाहरण घेतलं आहे: गिऱ्हाईक टिकावं म्हणून लहान मुलालाही योग्य भाव लावणारा दुकानदार बरोबर वागतो, पण त्या वागण्याला नैतिक मोल नाही. सरांचा मुद्दा तो हाच. फक्त त्यांना हेही सांगायला हवं, की तीनच वर्षांनी त्याच कांटने लिहिलं, सद्गुण आणि सुख शेवटी कुठेतरी एकत्र यायला हवेत आणि त्यासाठी देव आणि अमर आत्मा गृहीत धरावे लागतात. म्हणजे कांटलाही शेवटपर्यंत फळाशिवाय निभावता आलं नाही.

मामेभाऊ आता चर्चला जात नाही. नरक वगैरे त्याला थोतांड वाटतं. सुट्टे पैसे मात्र अजूनही दोनदा मोजून देतो. यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही कदाचित. पण सात-आठ वर्षांच्या पोराला रात्रभर जागं ठेवणाऱ्या त्या कर्ण्याचं मी समर्थन करणार नाही, पैसे परत गेले तरीही नाही. मोठ्या माणसाने नरकाचा विचार करावा, त्याच्याजवळ करायला कारणं असतात. लेकरांच्या उशाशी तो ठेवू नये.

शुक्रवार

संध्याकाळी कॉलेजमधल्या मैत्रिणीबरोबर तलावपाळीला गेले होते. ती कॅथलिक, तिचं चर्च तिथलंच, सेंट जॉन द बाप्टिस्ट, पोर्तुगीज काळात फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंनी उभं केलेलं. तिचा ईस्टरआधीचा उपवासकाळ चालू आहे, त्यामुळे भेळ मी एकटीने खाल्ली.

तिला सरांचं सांगितलं तर ती म्हणाली, अगं, आमच्या पश्चात्तापाच्या प्रार्थनेत दोन्ही एका दमात आहे. तुझ्या शिक्षेची मला भीती वाटते, पण त्याहून जास्त म्हणजे तू प्रेम करण्याजोगा आहेस आणि मी तुला दुखावलं. पहिला भाग अपुरा पश्चात्ताप, दुसरा परिपूर्ण. मजा अशी, की सरांचा आक्षेप अस्सल लूथरचा निघाला! नरकाच्या धास्तीने आलेला पश्चात्ताप माणसाला ढोंगी करतो, असं लूथर म्हणाला होता. त्यावर १५५१ मध्ये कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने उत्तर दिलं: ढोंगी करत नाही, तीही देवाचीच देणगी आहे, अपुरी असली तरी, पापनिवेदनाच्या, म्हणजे धर्मगुरूपुढे पाप कबूल करण्याच्या, वाटेवर ती माणसाला आणून सोडते. मी लूथरच्या घरची, पण इथे मला ट्रेंटचं म्हणणं जास्त माणसातलं वाटतं. बिचाऱ्याला सुरुवात तरी कुठून करू द्याल?

दुसऱ्या टोकाला फ्रान्समधला एक आर्चबिशप, फेनेलाँ. देवावर इतकं निखळ प्रेम करता येतं की स्वतःच्या तारणाचीही इच्छा उरत नाही, अशी त्याची मांडणी. रोमने, म्हणजे पोपने, १६९९ मध्ये त्याच्या पुस्तकातली तेवीस विधानं अमान्य केली आणि त्याने मान तुकवली. आमच्या सरांना फेनेलाँ आवडला असता. मला तो निर्णय कठोर वाटतो, पण चुकीचा नाही वाटत. स्वतःचं भलं व्हावं असं वाटूच नये, ही अपेक्षा माणसाकडून फार झाली. काकूंच्या खोलीतून खाली येताना मावशीला चहा हवासा वाटतो, म्हणून नख कापणं खोटं होत नाही.

याच ठाण्यात १३२१ साली, झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आदल्या रविवारच्या) आधीच्या आठवड्यात, चार फ्रान्सिस्कन मारले गेले: तोलेंतिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमेत्रियस. नंतर ओडोरिक नावाचा त्यांचाच एक भाऊबंद इथे आला, त्याने हकिगत लिहून ठेवली. ज्या ख्रिस्ती घरात ते उतरले होते तिथे नवरा-बायकोचं भांडण झालं, नवऱ्याने हात उचलला. बायको काझीकडे गेली आणि साक्षीदार म्हणून तिने या पाहुण्यांचं नाव घेतलं. तिथे गोष्ट धर्मावर गेली आणि तिघांचा जीव गेला. सामान राखायला घरी थांबलेला पीटर दोन दिवसांनी.

हुतात्म्यांवर सरांचा आक्षेप सगळ्यात जोरात लागू पडतो. मेल्यावर स्वर्गात मुकुट मिळणार याची खात्रीच असेल तर मरणं म्हणजे फायद्याचा सौदा नाही का? मला याचं पक्कं उत्तर येत नाही. मी मैत्रिणीला एवढंच म्हटलं, की मला या हकिगतीत मुकुटापेक्षा ती मार खाल्लेली बाई जास्त दिसते. आणि दिसतो तो जॉर्डन नावाचा, डोमिनिकन या दुसऱ्या संघाचा साधू. तो त्या वेळी ठाण्याबाहेर होता, बातमी कळल्यावर परतला आणि चौघांची प्रेतं सोपाऱ्याला नेऊन पुरली. त्याच्यासाठी त्या दिवशी कुठलाच मुकुट ठेवलेला नव्हता, पकडले जाण्याची भीती तेवढी होती.

शनिवार, उशिरा

उद्या शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या शाळेत, माझा वर्ग आहे आणि पाठ नेमका बायबलमधल्या मत्तयचा पंचविसावा अध्याय. न्यायाच्या दिवशी राजा, म्हणजे प्रभू, माणसांना वेगळं करतो: मेंढरं उजवीकडे स्वर्गाला, शेरडं डावीकडे नरकाला. गरजवंताला जे केलं ते मलाच केलं, म्हणतो. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं. मी आजारी होतो, तुम्ही भेटायला आला. इतक्या वेळा शिकवलाय की पुस्तक न उघडता सांगेन. आज उघडलं.

उजवीकडचे आश्चर्याने विचारतात: प्रभू, आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं? म्हणजे त्यांनी हिशोब ठेवलेलाच नाही. एवढं मी मुलांना दरवेळी सांगते. आज नजर गेली ती डावीकडे. शेरडंही तोच प्रश्न विचारतात, जवळजवळ त्याच शब्दांत! आम्ही तुला कधी भुकेला पाहिलं आणि तुझी सेवा केली नाही? त्या प्रश्नात एक न बोललेलं वाक्य आहे: तू आहेस हे कळलं असतं तर केली असती की. राजा आहे म्हटल्यावर कोण नाही पळणार पाणी घेऊन? बक्षीस बघून चांगलं वागायची तयारी या गोष्टीत कोणाची दिसते, तर शेरडांची. स्वर्ग-नरकाची सगळ्यात ठसठशीत गोष्ट म्हणून जी सांगतात, तिच्यातच सरांचा मुद्दा सरांपेक्षा कडक करून ठेवलाय.

आणि तिथेच माझी पंचाईत. त्या मेंढरांना माहीत नव्हतं. मला माहीत आहे. गोष्ट एकदा ऐकली की तसं अजाण होता येत नाही; भुकेल्यासमोर ताट ठेवताना मनात कुठेतरी 'हाच तो' येणारच. उजव्या हाताचं डाव्याला कळू देऊ नका असं येशू म्हणतो आणि लगेच पुढच्या वाक्यात सांगतो, गुप्तपणे पाहणारा पिता तुम्हाला फळ देईल. अरे, मग कळलंच की डाव्या हाताला! यातून वाट एकच दिसते, ती मावशीची: माहीत असूनही नख समोर आलं की विसरणं. ते ठरवून होत नाही. कोणी शिकवून होत असेल असंही वाटत नाही.

आता तक्त्याचं. वर्गाच्या भिंतीवर मुलांची नावं आहेत आणि पुढे चांदण्या चिकटवायचे रकाने: हजेरी, सुवर्णवचन (बायबलमधलं पाठ करायचं वचन), नवीन मित्र आणला, चांगलं काम. नाताळला चांदण्या मोजून बक्षिसं. मागच्या महिन्यात एका मुलीने मैत्रिणीला डबा दिला आणि वहीत तिची सही घेऊन आली. एका आईचा फोन आला, आमच्या मुलाने दोन चांगली कामं केली, चांदणी एकच कशी? मला तेव्हा हसू आलं होतं. आज चर्चच्या पाळकांना फोन करून म्हटलं, हजेरीला चांदण्या द्या, पाठांतराला द्या, आणखी दोन रकाने वाढवा हवं तर. 'चांगलं काम' तेवढं काढा. ते म्हणाले, मग मुलं चांगली कामं करणार कशाला? मी म्हटलं, करणार नाहीत काही दिवस, मग बघू. फोनवर बराच वेळ शांतता. शेवटी म्हणाले, पुढच्या रविवारी पालकांची सभा आहे, तिथे मांडा. त्या डबल चांदणीवाल्या आईला मी आत्ताच मेसेज टाकलाय, नक्की या म्हणून.