खोट्या केसेस म्हणे!

आज टीव्हीवर दलित-आदिवासींवरच्या अत्याचारांविरुद्धच्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याबद्दल एक गृहस्थ ठासून सांगत होते, "अ‍ॅट्रॉसिटीचे आकडे वाढले म्हणजे खोट्या केसेस वाढल्या." अँकर माना डोलावत होता. अहो, एनसीआरबी (देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे ठेवणारी सरकारी संस्था) मोजतं ते फक्त नोंदलेले गुन्हे. २०२२ मध्ये अनुसूचित जातींविरुद्धचे ५७,५८२. पोलीस ठाण्यातून ज्यांना परत पाठवलं, ते यात कुठून येणार?

भंडारा जिल्ह्यातलं खैरलांजी आठवतंय? २९ सप्टेंबर २००६. एकाच दलित घरातले चौघे मारले गेले. मोठ्या पेपरांना खरी जाग आली जवळपास महिन्याने, मोर्चे निघाल्यावर. तोवर चघळायला त्या घरातल्या बाईच्या 'अनैतिक संबंधां'ची कहाणी होतीच! पुढे खालच्या कोर्टात फाशीची शिक्षा झाली, २०१० मध्ये हायकोर्टाने तिची जन्मठेप केली. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली मात्र कुणीच दोषी ठरलं नाही. त्या गृहस्थांच्या हिशेबात हीसुद्धा खोटीच केस का?