वाजवून घ्या

मराठवाड्यात वसंत येतो तो बोअरच्या आवाजातून. फाल्गुन सरत आला की मोटार चालू केल्यावर पाण्याआधी नळातून नुसती हवा फुरफुरते आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, "झालं, लागला उन्हाळा." पंचांगात मात्र चैत्र-वैशाख म्हणजे वसंतच. आणि झाडं पंचांगाच्या बाजूची. बालाघाटाच्या माळावर पळस पानं टाकून नुसता फुलांवर उभा असतो, लिंबाला मोहोर आलेला असतो. खाली जमिनीला भेगा आणि वर हा थाट. कुठल्या भरवशावर करतात कोण जाणे. माणसाला एवढं जमत नाही. माणूस बाजारात जाऊन माठ घेतो.

माठ घेणं हे तसं चार मिनिटांचं काम, पण आमच्याकडं ते कुणी चार मिनिटांत उरकत नाही. मावशी रस्त्याच्या कडेला तरटावर माठ मांडून बसलेल्या असतात. भाव विचारायच्या आधीच त्या म्हणतात, "वाजवून घ्या दादा, मागून तक्रार चालायची नाही." मग माठ डाव्या हातावर तोलायचा, उजव्या हाताचं बोट दुमडून पोटावर टिचकी मारायची आणि कान द्यायचा. पक्का भाजलेला माठ खणखणीत बोलतो. कच्चा असेल किंवा कुठं केसासारखी चीर असेल, तर आवाज बसका येतो, सर्दी झाल्यासारखा. चीर डोळ्याला दिसत नाही, कानाला बरोबर कळते. मी दरवेळी पाच-सहा माठ वाजवतो आणि शेवटी मावशी काढून देतील तोच घेतो.

ही टिचकी मूळची तेरची, असं मी मनाशी धरून चाललोय. धाराशिव जिल्ह्यातलं तेरणाकाठचं तेर म्हणजे सातवाहनांच्या काळातलं तगर, आणि आपल्या लेखी संत गोरोबाकाका कुंभारांचं गाव. गोरोबांची एक गोष्ट मला अजूनही पचत नाही. भजनाच्या तंद्रीत चिखल तुडवताना पायाखाली स्वतःचं लेकरू आलं, ती. कीर्तनकार ती रंगवून सांगायला लागले की मी उठून चहाला जातो. पण दुसरी गोष्ट कितीदाही ऐकायला तयार असतो. संतमंडळी जमली होती. मुक्ताबाईनं विचारलं, काका, ही तुमची मडकी तपासता का? काकांनी मडकी ठोकायचं थापटणं घेतलं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत निघाले. सगळ्यांनी मुकाट्यानं सोसलं. नामदेव तेवढे चिडले. काकांनी निकाल दिला, हे मडकं कच्चं.

साक्षात पांडुरंग ज्यांच्याशी बोलतो, जेवतो, त्या नामदेवांना चारचौघांत असं सांगणं म्हणजे काय अपमान असेल! पण मला गोष्टीचा पुढचा भाग जास्त आवडतो. कच्चं म्हणून नामदेवांना कुणी उकिरड्यावर टाकलं नाही. त्यांना धाडलं औंढा नागनाथला, विसोबा खेचरांकडं. तिथं विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेव बिथरले, तर विसोबा म्हणाले, बाबा, जिथं देव नसेल तिथं माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय हलवत राहिले आणि ज्या बाजूला नेतील तिथं पिंड. मडकी भाजायच्या आव्यातली आच म्हणतात ती हीच असावी. नंतर हेच नामदेव पार पंजाबात गेले आणि त्यांची ६१ पदं गुरू ग्रंथसाहिबात आहेत. नामदेवांची नरसी, औंढा, तेर, सगळी गावं इथलीच, आमच्या उन्हातली. श्रद्धा म्हणजे डोळे झाकून मान डोलावणं, असं कुणी म्हणालं की मला ते थापटणं आठवतं. आपल्याकडं भक्तीही वाजवून घेतलेली आहे.

घरी आणलेला माठ लगेच गार पाणी देत नाही. रात्रभर भरून ठेवायचा, ते पाणी ओतून द्यायचं, साबण लावायचा नाही. मग ओल्या वाळूवर बसवायचा. आई त्या वाळूत धने टाकायची. काही दिवसांत कोथिंबीर वर यायची, माठाच्या सांडलवंडीवर पोसलेली. माठ गार होतो तो पाझरल्यामुळं. आतलं थोडं पाणी भिंतीतून बाहेर येतं, हवेत उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. हल्ली ऑइलपेंटनं रंगवलेले, नक्षीचे माठ मिळतात. दिसायला देखणे, पण रंगानं छिद्रं बुजली की पाणी कोमटच. काही सोडायचं नाही म्हटल्यावर गारवा कुठून येणार?

२०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. घागरीला घागर लागून भांडणं होण्याचे ते दिवस. त्या उन्हाळ्यातही आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी लाल फडकं गुंडाळलेला रांजण ठेवलाच. पेला साखळीनं बांधलेला होता, म्हणजे पाणी फुकट, पण पेल्याच्या बाबतीत विश्वास नाही! तरी रांजण रोज भरलेला असायचा. कोण भरायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुस्तकातून धीर मिळतो असं लोक सांगतात, मिळतही असेल. मला त्या साली तो साखळीच्या पेल्यातून मिळाला.

रांजणांचा राजा पैठणला, नाथांच्या वाड्यात. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगेची कावड तहानलेल्या गाढवाला पाजणाऱ्या एकनाथांच्या घरी देवानं श्रीखंड्या होऊन गोदावरीचं पाणी वाहिलं, ते याच रांजणात, अशी श्रद्धा. तुकाराम बीजेला त्याची पूजा होते आणि नाथषष्ठीच्या तोंडावर लोक घागरी ओतायला लागतात. रांजण कधी भरून वाहील ते सांगता येत नाही. वाहिला की देव येऊन आपली घागर ओतून गेला असं समजायचं. त्यामुळं रांगेतला प्रत्येकजण पुढच्या-मागच्याकडं जरा निरखून बघतो, न जाणो!

एकदा रांगेत माझ्यापुढं एक कॉलेजचा पोरगा होता, आजीला घेऊन आलेला. उन्हानं वैतागला होता. म्हणाला, "आज्जे, नळाला पाइप लावला तर घटकाभरात भरंल की हे."

आजीनं डोक्यावरची घागर सावरली. "भरंल की," ती म्हणाली, "मग आपुन कशाला आलाव? सरक म्होरं."